दुर्गम धबधब्याचे छायाचित्र : पाणी, वेळ आणि अंतर

एकाच धबधब्याची, एकाच दिवशी काढलेली दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली तर ती एकाच धबधब्याची आहेत हे पटत नाही. एकात पाणी दुधाळ, मऊ आणि धुरकट. दुसऱ्यात तेच पाणी थेंबाथेंबांत फुटून हवेत गोठलेले. तिथे प्रत्यक्ष उभ्या असलेल्या माणसाला विचारले, तर यांतले एकही दृश्य आपण पाहिले नाही असे तो सांगेल. दुसरी तक्रारही तितकीच नेहमीची. अर्धा दिवस चिखल तुडवून गाठलेला शे-दीडशे मीटरचा कडा छायाचित्रात पुरुषभर उंचीचा वाटतो.

महागडा कॅमेरा घेऊन ही दोन्ही कोडी सुटत नाहीत. पाणी कसे पडते, कॅमेऱ्याचा पडदा किती वेळ उघडा राहतो आणि छायाचित्रकार किती अंतरावर उभा असतो, या तीन गोष्टी समजून घेतल्या की ती सुटतात. सह्याद्रीतल्या दुर्गम धबधब्यांच्या बाबतीत तिसरी गोष्ट सर्वांत निर्णायक ठरते, आणि नेमके तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वाट अवघड असली की शेवटच्या टोकापर्यंत, अगदी कुंडापर्यंत जाण्याचा मोह होतो. चांगले छायाचित्र मात्र पुष्कळदा त्याच्या आधीच्या एखाद्या वळणावरून मिळते.

धबधबा अवघड जागीच का असतो

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या प्रदेशात लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले आणि निवून त्यांचा काळा कातळ, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. हे सगळे थर सारखे कठीण नाहीत. घट्ट, भरीव थरांच्या अधूनमधून वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेले आणि लालसर मातकट असे ठिसूळ थर आहेत. वाहते पाणी ठिसूळ थर लवकर कोरून काढते. खालचा आधार गेला, की वरचा कठीण थर त्याच्यातल्या उभ्या भेगांवर तुटतो आणि थेट खाली कोसळतो. कडा अशा रीतीने मागे सरकत राहतो, पण उतरता न होता उभाच राहतो. राजमाचीजवळच्या कातळधार धबधब्याच्या धारेमागे जी मोठी कपार आहे, ती या कोरण्याचीच खूण.

अर्ध्या उंचीवर जे सपाट पट्टे दिसतात, ज्यांना डोंगरभटके ‘पदर’ म्हणतात, तेही याच थरांचे. पुष्कळ धबधबे एका उडीत न पडता टप्प्याटप्प्याने पडतात त्यामागेही हेच कारण आहे. वरच्या टप्प्याचे पाणी पदरावर आदळते, तिथे थोडे वाहते आणि पुन्हा उडी घेते. खाली उभ्या असलेल्या माणसाला मात्र वरचा टप्पा दिसतच नाही, कारण मधला पदर आड येतो.

थोडक्यात, ज्या रचनेमुळे धबधबा तयार होतो त्याच रचनेमुळे तिथे पोहोचणे अवघड होते. पायथ्याशी कोसळलेल्या धोंड्यांनी भरलेली अरुंद घळ, दोन्ही बाजूंना उभा कातळ आणि मध्ये कुंड. रायगड जिल्ह्यातल्या भिऱ्याजवळचे देवकुंड हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. अशा ठिकाणी कॅमेरा लावायला तीनच जागा उरतात : माथा, पायथा आणि समोरच्या डोंगराची सोंड.

उभे कुठे राहायचे

माथ्याचा विचार लवकर संपतो. तिथून धबधबा दिसत नाही, दिसते ती पाण्याची उडी जिथे सुरू होते ती कड आणि खालची दरी. कडेचा कातळ वर्षानुवर्षे वाहणाऱ्या पाण्याने घासलेला आणि शेवाळाने बुळबुळीत झालेला असतो, आणि तिथे पाय सरकल्यावर धरायला काही नसते. त्या जागेत छायाचित्रही नाही आणि सुरक्षितताही नाही.

पायथा मोहात पाडतो. तिथे काय होते ते एका साध्या हिशेबाने कळेल. समजा, धबधबा १०० मीटर उंच आहे आणि छायाचित्रकार त्याच्यापासून ५० मीटरवर, कुंडाच्या पातळीवर उभा आहे. धबधब्याचा खालचा अर्धा भाग, म्हणजे पहिले ५० मीटर, त्याच्या नजरेत ४५ अंशांचा कोन व्यापतो. वरचे ५० मीटर फक्त सुमारे १८ अंश व्यापतात. उंची सारखी असूनही वरचा अर्धा भाग खालच्याच्या जेमतेम चाळीस टक्के दिसतो. हाच माणूस मागे जाऊन धबधब्यापासून ३०० मीटरवर उभा राहिला, तर खालच्या अर्ध्याला साडेनऊ आणि वरच्या अर्ध्याला नऊ अंश मिळतात. दोन्ही भाग जवळजवळ सारखे होतात आणि धबधबा आपल्या खऱ्या प्रमाणात उभा राहतो. समोरच्या सोंडेवर थोडे वर चढून धबधब्याच्या मध्यावर नजर आली, तर आडवे पदरही उलगडतात आणि खालून लपलेले टप्पे दिसू लागतात.

पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला ही दाटी खटकत नाही, कारण वर पाहताना त्याला मान मागे टाकावी लागते आणि उंचीची जाणीव बरीचशी त्या मान टाकण्यातून होते. छायाचित्र पाहणाऱ्याला मान वर करावी लागत नाही. त्यात कॅमेरा वर रोखला की कडे आणि झाडे मागे कलंडलेली दिसतात, आणि सगळे मावावे म्हणून रुंद कोनाची लेन्स लावली की पुढ्यातला धोंडा हत्तीएवढा आणि धबधबा त्याच्यामागे बारीक होतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. दूरची, म्हणजे टेलिफोटो लेन्स धबधबा ‘उंच करते’ असे म्हटले जाते. वस्तूंची एकमेकांशी असलेली प्रमाणे लेन्स बदलत नाही, ती अंतराने बदलतात. लेन्स दृश्याचा किती भाग चौकटीत घ्यायचा एवढेच ठरवते. मागे जाण्यामुळे प्रमाण सुधारते आणि मागे गेल्यावर चौकट भरायला टेलिफोटो लागते, इतकाच त्यांचा संबंध.

उंची कळायला ओळखीच्या आकाराची वस्तूही लागते. कातळ आणि पाणी यांना स्वतःचे माप नसते. दहा मीटरचा कडा आणि शंभर मीटरचा कडा सारखेच भेगाळलेले असतात. म्हणून सुरक्षित जागी उभा असलेला रंगीत रेनकोटातला माणूस चौकटीत असला की पुरते. गोवा आणि कर्नाटकच्या सीमेवरचा दूधसागर इतका भव्य वाटतो त्याचे निम्मे श्रेय रेल्वेला द्यायला हरकत नाही. मांडवी नदीचा हा धबधबा सुमारे ३१० मीटर उंच आहे, आणि कॅसल रॉक ते कुळे हा लोहमार्ग त्याच्या पुढ्यातल्या पुलावरून जातो. डब्यांची उंची सर्वांना ठाऊक असते, त्यामुळे पाहणारा नकळत मोजणी करतो. रुळांवरून चालत तिथे जायला मात्र रेल्वेची मनाई आहे.

समोरच्या सोंडेचा एक तोटा कबूल करायला हवा. मधल्या दरीतून ढग वर येतात आणि तासभर काहीच दिसत नाही. मग पाच मिनिटे पडदा सरकतो. तेवढ्या वेळात चौकट, फोकस आणि प्रकाशाची मापे जुळवत बसणाऱ्याच्या हाती पुन्हा ढगच लागतात. ट्रायपॉडवर सगळे आधीच बसवून वाट पाहणे एवढाच त्यावर इलाज आहे.

पाणी पडते म्हणजे नेमके काय होते

काठावरून निघालेले पाणी सुरुवातीला सलग चादर असते. पाच मीटर खाली येईपर्यंत त्याचा वेग सेकंदाला सुमारे १० मीटर होतो. हवेचा अडथळा नसता, तर दूधसागराएवढ्या उंचीवरून पडलेले पाणी सेकंदाला पाऊणशेहून अधिक मीटर, म्हणजे ताशी पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली आले असते. तसे घडत नाही. वेग वाढतो तशी चादर ताणली जाऊन फाटते, तिचे लोळ होतात, लोळांचे थेंब आणि थेंबांचे तुषार. पाण्याचा कण जितका लहान, तितका हवेचा अडथळा त्याला लवकर आवरतो. पावसाचा सुमारे ५ मिलिमीटरचा टपोरा थेंब सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेग गाठतो आणि त्यापुढे त्याचा वेग वाढत नाही. १ मिलिमीटरचा थेंब ४ मीटरवरच थांबतो. तुषार तर जवळजवळ तरंगतच येतात.

म्हणजे एकाच धबधब्यात एकाच क्षणी वेगवेगळ्या वेगांचे पाणी पडत असते. गाभ्यातले जाड लोळ भराभर खाली जातात, कडेचे थेंब मागे पडतात, तुषार वाऱ्याबरोबर बाजूला वाहून जातात. उंच धबधब्याकडे नीट पाहिले, तर शेपूट असलेले पांढरे गोळे एकामागून एक उतरताना दिसतात, ते हेच लोळ. त्यांच्यापासून सुटणारे थेंब मागे राहून शेपूट बनते. शटरचा वेग निवडणे म्हणजे यांपैकी कोणते पाणी दाखवायचे ते निवडणे.

पाणी पांढरे का दिसते, हेही इथेच उमगते. शांत कुंडातले पाणी पारदर्शक असते, पण थेंब आणि बुडबुडे यांच्या असंख्य पृष्ठभागांवरून प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. सगळे रंग सारखेच विखुरत असल्याने एकत्र पांढरा दिसतो.

शटर किती वेळ उघडे ठेवायचे

कॅमेऱ्यातल्या संवेदकासमोरचा पडदा, म्हणजे शटर, जितका वेळ उघडा राहतो तितक्या वेळात घडलेले सर्व काही एकाच चित्रावर उमटते. दिवाळीत मूल अंधारात फुलबाजी गोल फिरवते तेव्हा जळते टोक एका वेळी एकाच जागी असते, पण पाहणाऱ्याला प्रकाशाचे सबंध कडे दिसते. उघड्या शटरपुढून जाणारा पाण्याचा थेंब तशीच रेघ ओढतो. अशा लाखो रेघा एकमेकींवर पडल्या की दुधाळ पट्टा तयार होतो. कातळ हलत नाही, म्हणून तो रेखीव राहतो.

सेकंदाला १० मीटर वेगाने पडणारे पाणी १/१००० सेकंदात १ सेंटिमीटर, १/३० सेकंदात सुमारे ३३ सेंटिमीटर आणि १/४ सेकंदात अडीच मीटर सरकते. या आकड्यांवरून शटर ठरवावे असे वाटेल, पण इथे पुन्हा अंतर आडवे येते. महत्त्व पाणी किती सरकले याला नसून चित्रावर ते किती सरकले याला आहे. जवळ उभे राहून धबधब्याचा चार मीटरचा तुकडा चौकटीत घेतला आणि चित्राची उंची ४००० बिंदूंची असली, तर एक बिंदू एका मिलिमीटरचा होतो. १/१०० सेकंदात सरकलेले १० सेंटिमीटर पाणी शंभर बिंदूंवर पसरते आणि चांगलेच विरते. समोरच्या डोंगरावरून ४०० मीटरचा कडा त्याच चौकटीत घेतला की एक बिंदू १० सेंटिमीटरचा होतो. तेच पाणी त्याच वेळात एका बिंदूपुरते सरकते आणि पूर्ण गोठलेले दिसते. म्हणून जवळून दुधाळ करणारा शटरवेग दुरून उपयोगी पडत नाही. तिथे एक सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो.

डोळ्याला यांतले काहीच का दिसत नाही? कारण डोळा स्थिर राहत नाही. नजर एखाद्या लोळाला धरून खाली येते, त्याला सोडते आणि पुन्हा वर जाते. गतीची जाणीव मेंदू वेगळी काढतो, आकाराची वेगळी. रॉबर्ट ॲडम्स यांनी १८३४ मध्ये स्कॉटलंडमधील फॉयर्स धबधब्यापाशी एक गंमत नोंदवली होती. पडत्या पाण्याकडे काही काळ टक लावून नंतर बाजूच्या कातळाकडे पाहिले, तर कातळ वर सरकत असल्याचा भास होतो. खाली जाणाऱ्या गतीची दखल घेणारी यंत्रणा थकते आणि विरुद्ध दिशेची वरचढ ठरते. कातळ हललेला नसतो, त्याचा आकारही बदलत नाही, तरी गती जाणवते. छायाचित्रात ही गती नसते. तिची भरपाई एक तर विरलेल्या रेघांनी करायची, नाही तर गोठलेल्या थेंबांनी. तिसरा मार्ग नाही.

दुधाळ पाण्याला आज कलात्मक निवड मानले जाते. सुरुवातीला ती नाइलाजाची होती. अमेरिकन छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्स यांनी १८६१ मध्ये योसेमिटीच्या दरीत सुमारे १८ गुणिले २२ इंचांच्या काचा वापरून धबधबे टिपले. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर जागीच रसायन चढवून, ती ओली असतानाच चित्र घेऊन, लगेच अंधाऱ्या तंबूत धुवावी लागे. सगळे सामान खेचरांवर लादून न्यावे लागे. काच प्रकाशाला इतकी मंद प्रतिसाद देई की शटर कित्येक सेकंद उघडे ठेवावे लागे, आणि पाणी आपोआप विरून जाई.

मोबाइल हेच काम वेगळ्या वाटेने करतो. बहुतेक मोबाइलच्या लेन्सचे छिद्र लहान-मोठे करता येत नाही, त्यामुळे भर दिवसा दीर्घ वेळ प्रकाश घेतला तर चित्र पांढरेफटक होईल. म्हणून तो अनेक झटपट चित्रे घेतो, हलता हात सावरण्यासाठी कातळासारखे स्थिर भाग एकमेकांवर जुळवतो आणि सर्वांची सरासरी काढतो. स्थिर भाग रेखीव राहतात, हलते पाणी पुसट होते. दोनतीन सेकंदांचे चित्र ट्रायपॉडशिवाय घेता येते, ही अवघड वाटेवर मोठीच सोय आहे. वाऱ्यावर डोलणाऱ्या फांद्या मात्र त्यात फाटक्या दिसतात.

> चौकट : कोणत्या पाण्याला किती वेळ
>
> उडणारे थेंब, वाऱ्याने उलटे जाणारे पाणी : १/५०० ते १/१००० सेकंद.
>
> जवळून, धारांचा पोत राखून : १/८ ते १/२ सेकंद.
>
> समोरच्या डोंगरावरून सबंध धबधबा, दुधाळ हवा असल्यास : १ ते ४ सेकंद.
>
> छिद्र एफ/८ ते एफ/११. त्याहून फार बारीक छिद्रातून प्रकाश वाकून पसरतो आणि सगळे चित्रच किंचित मऊ पडते.

दहा-वीस सेकंदांचे चित्र आता सर्रास काढले जाते. त्यात लोळ, धारा, थेंब यांतले काहीच उरत नाही, फक्त एक पांढरा पट्टा राहतो. जोरदार धबधब्यासाठी ही पद्धत वापरणे म्हणजे त्याचा जोरच पुसून टाकणे होय. कातळावरून झिरपणाऱ्या बारीक ओहळाला ती शोभते.

प्रकाश : ढगाळ दिवस चांगला

ओल्या काळ्या कातळावर पांढरे पाणी, हे कॅमेऱ्यासाठी जवळजवळ सर्वांत वाईट जोडी आहे. कॅमेरा समोरच्या दृश्याची सरासरी मध्यम करड्या छटेकडे ओढतो. चौकटीत कातळ जास्त असला की तो चित्र उजळवतो आणि पाणी कोरे पांढरे होते. पाणी जास्त असले की चित्र काळवंडते. कोऱ्या झालेल्या पांढऱ्यातला पोत नंतर कुठल्याही संगणकावर परत मिळत नाही, सावलीतला बऱ्याच अंशी मिळतो. म्हणून आधी पाणी सांभाळायचे. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम, म्हणजे उजेड-अंधाराच्या वाटणीचा आलेख, उजव्या भिंतीला आदळत नाही ना, एवढे पाहिले तरी पुष्कळ.

ऊन पडले की हा फरक आणखी वाढतो. ढगाळ दिवशी सगळे आकाशच प्रकाश देते आणि तो सगळीकडून सारखा येतो. अट एकच, की आकाश स्वतः चौकटीत नसावे. ढगाळ आकाश कातळापेक्षा कितीतरी उजळ असते.

ढगाळ हवेत दाट झाडीच्या घळीत आयएसओ, म्हणजे संवेदकाची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १०० आणि छिद्र एफ/११ असताना शटरला १/४ सेकंदाच्या आसपास वेळ सहज मिळतो. उघड्यावर तोच १/३० आणि उन्हात १/२५० वर येतो. तिथे काळसर काच, म्हणजे एनडी फिल्टर, लागते. तीन स्टॉपची काच प्रकाश आठपट कमी करते, सहा स्टॉपची ६४ पट, दहा स्टॉपची सुमारे हजारपट. स्टॉप म्हणजे प्रत्येक पायरीला निम्मे. उघड्यावरचा १/३० तीन स्टॉपने १/४ होतो, उन्हातला १/२५० सहा स्टॉपने.

एकच फिल्टर न्यायचा असेल, तर तो पोलरायझर असावा. ओल्या पानांवरून आणि कातळावरून परतणारी चकाकी बरीचशी एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाची असते. पोलरायझर फिरवून तो प्रकाश अडवला की पानांचा खरा हिरवा रंग आणि कुंडाचा तळ दिसू लागतो. शिवाय तो दीड-दोन स्टॉप प्रकाश कमी करतो, तोही इथे फायद्याचाच.

मात्र पोलरायझर इंद्रधनुष्य पुसूनही टाकू शकतो, कारण त्याचा प्रकाशही तसाच एका प्रतलातला असतो. तुषारांतले इंद्रधनुष्य सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेभोवती ४२ अंशांच्या कोनात उमटते. पाठीमागे सूर्य आणि पुढे तुषार अशी रचना हवी. सह्याद्रीचे कोकणात उतरणारे कडे पश्चिमेकडे तोंड करून असल्याने सकाळी ते स्वतःच्याच सावलीत असतात. धनुष्याची वेळ दुपारनंतरची. सपाटीवर सूर्य ४२ अंशांहून वर असताना धनुष्य क्षितिजाखाली जाते, पण उंच सोंडेवरून दरीत पाहणाऱ्याला ते तेव्हाही दिसू शकते.

उलटा धबधबा

जुन्नरजवळच्या नाणेघाटात पावसाळ्यात पाणी वर उडताना दिसते. नैर्ऋत्येकडून येणारा मोसमी वारा उभ्या कड्याला धडकतो आणि पुढे जायला वाट नसल्याने वर वळतो. खिंडीच्या चिंचोळेपणाने त्याचा जोर वाढतो. आधी पाहिल्याप्रमाणे टपोरा थेंबही सेकंदाला ९ मीटरहून फारसा वेगाने पडत नाही. वर जाणारा वारा त्याहून जोरात असला, की थेंबांना खाली येताच येत नाही. कड्यावरून निघालेली बारीक धार थेंबांत फुटते आणि थेंब माथ्यावर परत फेकले जातात. जाड लोळाचे धबधबे असे उलटत नाहीत, कारण लोळ वाऱ्याला दाद देत नाही.

इथे दीर्घ वेळ दिलेले चित्र हमखास फसते. थेंबांच्या रेघा मिसळून नुसते धुके उरते आणि ते वर जाते की खाली, हेच कळत नाही. १/५०० सेकंद किंवा त्याहून कमी वेळ दिला, की वळणारी धार आणि उडणारे थेंब वेगळे दिसतात. कड्यापासून मागे राहूनच हे टिपावे, हे सांगायला नकोच. जो वारा थेंब उचलतो तो माणसालाही ढकलतो.

ओल, वाफ आणि बुरशी

धबधबा पडताना हवा सोबत ओढतो आणि ती पायथ्याशी आदळून बाहेर सुटते. म्हणून पाऊस नसतानाही कुंडापाशी सोसाट्याचा ओला वारा समोरून येतो आणि लेन्स काही सेकंदांत थेंबांनी भरते. रुंद कोनाच्या लेन्सवर हे थेंब अधिक खुपतात. बारीक छिद्र ठेवल्यावर तर ते फारच ठळक होतात, कारण चित्राच्या प्रत्येक बिंदूकडे जाणारा प्रकाश लेन्सच्या लहानशा भागातूनच येतो आणि एकच थेंब त्यातला मोठा वाटा अडवतो. लेन्स झाकून ठेवायची, पुसायची, लगेच चित्र घ्यायचे, पुन्हा झाकायची. कोरडी फडकी भरपूर लागतात. एक भिजले की ते पुसत नाही, पसरवते. समोरच्या सोंडेवर हा त्रास जवळजवळ नसतो.

वातानुकूलित गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर काढला, की थंड काचेवर पावसाळी हवेतली वाफ जमते. ती पुसून जात नाही, काच बाहेरच्या हवेइतकी गरम झाल्यावरच जाते. कॅमेरा पिशवीत बंद ठेवूनच हळूहळू गरम होऊ द्यावा. घरी आल्यावर ओली पिशवी तशीच कपाटात ठेवली, तर लेन्सच्या आतल्या काचांवर बुरशी धरते आणि तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे काचेचा लेपच खातात. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा स्वस्त आणि पुरेसा आहे.

ट्रायपॉडचे पाय वाहत्या पाण्यात ठेवले तर ते थरथरतात आणि कातळही पुसट येतो. पाय कोरड्या दगडावर, मधला दांडा खाली, बटण दाबण्याऐवजी दोन सेकंदांचा टायमर.

पाणी केव्हा आणि कोठून येते

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसाचे पाणी माथ्यावरची सैल माती घेऊन येते आणि धबधबा तांबूस दिसतो. ऑगस्टपर्यंत माती धरून ठेवणारे गवत वाढते आणि पाणी निवळते. सप्टेंबरमध्ये पाणी बऱ्यापैकी असते, ढग मधूनमधून फाटतात आणि वाटाही थोड्या सुधारतात. छायाचित्रासाठी हा काळ भर पावसापेक्षा सरस आहे. ज्या धबधब्यांच्या माथ्यावर दाट जंगल आहे ते पाऊस ओसरल्यावरही बरेच दिवस टिकतात, कारण जंगलाची माती पाणी हळूहळू सोडते. उघड्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या पठारावरून, येणारे धबधबे पाऊस थांबला की लगेच क्षीण होतात, आणि याच कारणाने तितकेच अचानक फुगतात.

घाटमाथ्यावर पाऊस प्रचंड असतो. आंबोलीत वर्षाला सुमारे ७ हजार मिलिमीटर पडतो. भिजून तुडुंब झालेल्या कातळाच्या सड्यावर पडलेले पाणी मुरायला जागाच नसते, ते सरळ ओढ्यात येते. खाली कुंडापाशी ऊन पडलेले असतानाही वर कोसळलेल्या सरीचे पाणी थोड्याच वेळात खाली पोहोचते. पाण्याचा रंग एकाएकी गढूळ होणे, पालापाचोळा आणि काटक्या वाहून येऊ लागणे, आवाज खोल होणे, काठावरचा एखादा खुणेचा दगड बुडणे, ही त्याची लक्षणे. ती दिसताच सामान गोळा करत न बसता बाजूला चढावे लागते. परतीच्या वाटेवर ओढे ओलांडायचे असतील, तर कुंडापाशी सुखरूप असणेही पुरेसे नसते, कारण वाट तोडणारा ओढा वेगळाच असू शकतो. गावातला वाटाड्या सोबत असण्याचे मोल इथे कळते. कोणता ओढा किती पावसात अडवतो, हे त्याला ठाऊक असते. देवकुंडसारख्या ठिकाणी पावसाळ्यात जिल्हा प्रशासन बंदीचे आदेश काढते, त्यामागचे कारणही हेच.

धरणाखालच्या धबधब्यांचे गणित निराळे. भंडारदऱ्याच्या धरणाखाली प्रवरेवर असलेल्या रंधा धबधब्याचे पाणी पावसाइतकेच धरणातल्या विसर्गावर अवलंबून असते. भंडारदऱ्याचा प्रसिद्ध ‘अंब्रेला’ धबधबाही धरणातून पाणी सोडले तरच दिसतो. तिथे हवामानाच्या अंदाजाबरोबर विसर्गाची चौकशी करून जावे.

ड्रोनने प्रश्न सुटतो का

समोर सोंडच नसेल, तर ड्रोन हवेत तशी जागा मिळवून देतो. पण घळीत त्याच्या अडचणी वाढतात. जागा ओळखण्यासाठी त्याला अनेक उपग्रहांचे संकेत एकाच वेळी लागतात. उभ्या कड्यांमध्ये आकाशाची चिंचोळी पट्टीच उघडी असल्याने ते तुटपुंजे पडतात. मग तो खालच्या जमिनीकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्यावर विसंबतो, आणि खाली हलते पाणी असले की आपणच सरकतो आहोत असे समजून भलतीकडे जातो. कड्यालगतचा वर चढणारा वारा आणि धबधब्याने खाली ओढलेली हवा या दोन्हींचे झोत काही मीटरच्या अंतरात बदलतात. त्यामुळे कड्यापासून दूर राहून, धबधब्याच्या मध्य-उंचीवर स्थिर ठेवून चित्र घेणे योग्य. बहुतेक लहान ड्रोन पाण्यापासून सुरक्षित नसतात, म्हणून तुषारांतही नेऊ नयेत.

२०२१ च्या ड्रोन नियमांनुसार हिरव्या क्षेत्रात १२० मीटर उंचीपर्यंत उड्डाणाला पूर्वपरवानगी लागत नाही. क्षेत्र कोणते ते ‘डिजिटल स्काय’च्या नकाशावर पाहता येते. पण सह्याद्रीतले अनेक धबधबे अभयारण्यांत आहेत, दूधसागरही भगवान महावीर अभयारण्याच्या परिसरात येतो, आणि तिथे नकाशाचा रंग कोणताही असला तरी वनविभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.